पिवळ्या दोऱ्याचं माप

६ जानेवारी

माझ्या भिंगरीला,

आजीचे आशीर्वाद. कागदावर मावतील तेवढे इथे, उरलेले तू आलीस की.

तू म्हणतेस फोन घे. अगं, फोनवर मला तुझं ऐकू येत नाही आणि माझं तू ऐकून घेत नाहीस, मग तो फोन काय चाटायचाय? पत्रच बरं. चौथीपर्यंत गिरवलेली अक्षरं तेवढीच गंजायची राहतात. अंक मात्र माझे पहिल्यापासून कच्चे. म्हणून तर टेप नुसती गळ्यात घालून मिरवली आणि मापं घेतली दोऱ्याला गाठी मारून. अख्ख्या गल्लीचे शाळेचे गणवेश शिवले, पण कुणाची बाही आखूड झाली नाही. बिस्किटांच्या डब्यात सगळ्यांचे दोरे आहेत अजून. तुझा पिवळा.

आता मुद्दा. तुझ्या बाबाने बेडकीवरची ताडपत्री काढली! हो, तीच, दोन माणसांची ठेंगणी गाडी, डोळे वटारून बसलेली. तू तेरा वर्षांची असताना चोरून चालू केलीस आणि अंगणातल्या अंगणात फाटकाच्या खांबावर घातलीस, तेव्हापासून ती झाकलेली होती. तो चार लोकांत ओरडला, तू मावशीकडे शिकायला निघून गेलीस, आणि पुढचं सगळं तुम्हा दोघांनाच माहीत. मी त्यात पडत नाही. पडून पडून गुडघे गेले माझे.

आता सकाळपासून ठोकाठोक. कारखान्यात लेथवर जात नाही सध्या. का ते विचारू नकोस. त्याच्याबद्दल पत्रात एक अक्षर लिहायचं नाही अशी शपथ घातलीय त्याने मला, स्वतःच्या डोक्यावर माझा हात ठेवून. तेव्हा मी बेडकीबद्दल लिहिणार. बेडकीची शपथ कुणी घातलेली नाही.

तर ऐक. माझा पिठाचा पत्र्याचा डबा गेला. त्याला भोकं पाडून, आत जाळी बसवून, इंजिनाला हवा ओढायची पेटी केली. माझं जुनं लाटणं चिरलं होतं, त्याची मूठ कापली आणि घासूनपुसून गिअरच्या दांड्यावर बसवली. अर्धं लाटणं घरात, अर्धं गाडीत. मी म्हटलं, मला पण कापून लाव कुठेतरी. तर हसला. खूप दिवसांनी हसला.

आता तुझं काम. तू त्या गाड्यांच्या पार्टच्या दुकानात बसतेस ना, तिथून एक बारकं स्टिअरिंग पाठव, कातडी मढवलेलं. आणि पुढच्या दोन कडक स्प्रिंगा. “तुलाच हव्यात असं लिही,” म्हणाला. तर मला हव्यात.

तुझी आजी

१९ जानेवारी

आजी,

तुझं पत्र काउंटरवरच वाचलं आणि इतकी हसले की मालक आतून बाहेर आले. “काय झालं?” म्हणाले. मी म्हटलं, “माझ्या आजीला कडक स्प्रिंगा हव्यात.” ते म्हणाले, “आधी आजीचं वजन विचार.”

दोन्ही वस्तू पाठवल्यात. कंपनीच्या नाहीत, बाहेरच्या आहेत, पण चांगल्या आहेत. स्प्रिंगा मी स्वतः निवडल्या. ज्याला हव्यात त्याला, म्हणजे तुला, एक सांगून ठेवते. स्टिअरिंग जितकं बारकं तितकं वळवायला जड. दंडात जोर लागतो.

बाबांनी शपथ घातली हे वाचून फार आश्चर्य वाटलं नाही. मागच्या खेपेला मी दोन दिवस राहिले, तेव्हा ते माझ्याशी मोजून दोन शब्द बोलले, ‘जेव’ आणि ‘पोचल्याचं कळव’. त्यालाही तीन वर्षं झाली. त्यांची बातमी मला कळू नये असं त्यांना वाटत असेल, तर राहू दे. बेडकीची कळव.

भिंगरी

८ फेब्रुवारी

माझ्या भिंगरीला,

पार्सल पोचलं. स्प्रिंगा बसल्या, बेडकी आता ताठ झाली आहे, सून सासूसमोर बसते तशी. पलीकडची टायपिस्ट खिडकीतून म्हणते, बेडूक कितीही फुगला तरी बैल होत नाही. मी म्हटलं, आम्हाला बैल करायचाच नाही, आम्हाला बेडूकच हवाय, पण उडी मारणारा.

स्टिअरिंग तेवढं परत पाठवतेय. मोठं दे, अगदी मोठं, एका बोटाने वळेल असं. आणि क्लच पायाने नको, हाताने दाबायचा करायचाय. त्यासाठी जाडी तार आणि सायकलच्या ब्रेकसारखी मूठ पाठव. लाटण्याच्या मुठीखाली बसवणार. तारेसाठी मी कापडाची नळी शिवली, घासून तुटू नये म्हणून. म्हणजे गाडीत माझा पण पार्ट आहे बरं का! घरी केलेला. तुमच्या दुकानात मिळणार नाही.

मला आता सगळं कळायला लागलंय. इंजिनात टकटक वाजतो तो टॅपेट कुठला, ठिणगी पाडतो तो प्लग कुठला. तो खुर्चीत बसून सांगतो आणि पाना मी फिरवते. या वयात हात काळे करायची किती गंमत आहे म्हणून सांगू! काल एक बोल्ट सुटेना. मी त्याला चार शिव्या दिल्या, सुटला.

तू येतेस का गं एकदा? असंच. काही नाही, सहज.

आजी

१६ फेब्रुवारी

आजी,

पाना तू का फिरवतेस, यावर मी दोन दिवस विचार केला आणि मग डोक्यात प्रकाश पडला. मोठं स्टिअरिंग, हाताचा क्लच. आजी, बाबा ती गाडी तुझ्यासाठी बनवतायत! तुझे गुडघे दुमडत नाहीत, म्हणून क्लच वर आणला. तुला शिकवतायत ते. तू मला सांगत नाहीस, कारण तुला अंगणात गाडी घेऊन मला दचकवायचंय. पकडली की नाही?

तार आणि मूठ सोबत आहे. मूठ मऊ ओढायची दिली आहे, तुझ्या हाताला झेपेल अशी.

खूप गोड वाटलं. खरंच. आणि थोडं वाईट वाटलं, तेही खरंच. मला म्हणाले होते, “पुन्हा या गाडीला हात लावायचा नाहीस.” स्वतःच्या आईसाठी मात्र अख्खी गाडी बदलतायत. असू दे. तू चालव. मी नाही चालवली तर तू चालव.

यायला जमणार नाही, मार्चपर्यंत एक सुट्टी नाही.

भिंगरी

३ मार्च

माझ्या भिंगरीला,

हो, माझ्यासाठीच. ओळखलंस. हुशार आहेस, बापावर गेलीस.

काल चौकापर्यंत जाऊन आलो! तो चालवत होता, मी शेजारी. इतकी खाली बसले होते की रस्त्यावरची कुत्री माझ्याकडे बरोबरीच्या नात्याने बघत होती. पिठाच्या डब्यातून आवाज काय येतो गं! घूंऽऽ असा. माझ्या डब्यात इतका आवाज होता आणि मी बिचारीने त्यात आयुष्यभर पीठ भरलं. केस सगळे उडाले. मी ओरडले, “जोरात घे!” तो म्हणाला, “आई, ही तिसऱ्यातच आहे.” मी म्हटलं, मग चौथ्यात घे.

घरी आल्यावर तो बराच वेळ गाडीतच बसून राहिला. बस, एवढंच लिहिते.

एक गंमत सांगायची राहिली. फाटकाचा तो खांब आठवतो ना, तुझ्या कपाळीचा? तो त्याने गवंडी बोलावून हातभर मागे घेतला. मी विचारलं, का रे? म्हणाला, गाडी रुंद झालीय. मी दोरा लावून बघितला. गाडी एक बोटभरही रुंद झालेली नाही.

मार्चमध्ये ये. एक दिवस ये. सकाळी ये आणि संध्याकाळी जा, मी अडवणार नाही.

आजी

११ मार्च

आजी,

चौकाची सफर वाचून दुकानातल्या सगळ्यांना सांगितली. मालक म्हणतात, आजीला आपल्याकडे जाहिरातीला घेऊ.

पण आजी, तू प्रत्येक पत्रात ये ये म्हणतेस, आणि ज्यांच्या घरी यायचं त्यांना मी आलेली हवी असेन तर ते सांगतील की. त्यांना हात आहेत, पेन आहे. एक ओळ. ‘ये’ एवढी जरी लिहिली तरी मी दुकान टाकून येईन. तुझ्या ‘सहज’वर नाही येणार. रागावू नकोस. तू चालवायला लागलीस की फोटो पाठव.

भिंगरी

३० मार्च

माझ्या भिंगरीला,

रागावले नाही. तुझ्या बापाला तुझ्या पत्रातली ती ओळ वाचून दाखवली. त्याने पेन मागितलं. मग म्हणाला, राहू दे, अक्षर नीट येत नाही.

बेडकीचं बरंच काम झालं. हाताचा क्लच काढून टाकला! मी शिवलेली नळी पण गेली. परत पायाचा क्लच लावला. अन् ती नवी सीट, बादली सीट म्हणतात म्हणे तिला. मी म्हटलं, बादलीत बसून आंघोळ करतात, प्रवास नाही. ती चालवणाऱ्याच्या जागी बसवली. मागेपुढे सरकायचे रूळ काढले आणि पट्ट्या थेट तळाला वेल्डिंग केल्या. लेथवरचा त्याचा जोडीदार येऊन करून गेला, हा खुर्चीतून सांगत होता. सरकणाऱ्या सीटला खुळखुळ राहते म्हणे, आणि ज्याची गाडी त्याच्याच मापाची असावी. माप मागितलं. मी डबा उघडून चुटकीसरशी दिलं. या हातांनी कधी माप चुकलेलं नाही. वर मऊ कापडाची गादीपण शिवलीय, कडेला दुहेरी टाके.

आता शेवटचं एक पाठव. शेजारच्या सीटसाठी पट्टे हवेत. दोन खांद्यांवरून, दोन कमरेवरून, मध्ये एकत्र येणारे. माणूस ढिला पडला तरी सरळ बसून राहील असे. लवकर पाठव.

आजी

१० एप्रिल

आजी,

पट्टे तुला परवाच पाठवले, हातातलं काम म्हणून. मग काल एक बाई दुकानात आल्या आणि तसेच पट्टे मागायला लागल्या. आमच्याकडे हे पट्टे दोन प्रकारची माणसं घेतात. एक शर्यतीवाले. दुसरी, ज्यांच्या घरात कुणालातरी आपलं आपण बसता येत नाही. त्या बाई दुसऱ्या होत्या. त्यांनी पट्टा स्वतःच्या अंगाला लावून बघितला आणि म्हणाल्या, “ह्यांची मान इथपर्यंत येते.”

मी मागे जाऊन तुझी सगळी पत्रं एकाखाली एक मांडली. आधी बारकं स्टिअरिंग. मग मोठं, एका बोटाने वळणारं. पायाचा क्लच बाबांना झेपेना म्हणून हाताचा, तोही मऊ. पाना तू फिरवायचीस. मग एक दिवस हाताचाही काढला आणि पायाचा परत आला, म्हणजे आता चालवणारं माणूसच दुसरं. आणि ज्याच्यासाठी पट्टे, तो शेजारी बसणार.

तुझ्यासाठी नव्हतंच ना गं काही? तू ‘हो’ लिहिलंस आणि मी लगेच मानलं. पार्ट विकते मी, आजी. कोण कशाला काय घेतं ते मी गिऱ्हाईकाच्या तोंडावरून ओळखते. आणि घरचंच गिऱ्हाईक ओळखलं नाही.

खांबसुद्धा हातभर मागे घेतला त्यांनी.

शनिवारी येते. त्यांना सांग, एक ओळ लिहायची गरज नाही.

भिंगरी

२ मे

आजी,

पोचले. बेडकी वाटेत कुठेही रुसली नाही. दोन ठिकाणी लोकांनी थांबवून विचारलं, हा डबा कुठल्या कंपनीचा? मी म्हटलं, पिठाच्या.

तिथे असताना तुझ्यासमोर काही बोलता आलं नाही, म्हणून इथे लिहिते. मी आले तेव्हा बाबांच्या छातीत कफ धरून चार दिवस झाले होते, डॉक्टर म्हणाले उचलायचं नाही. पट्टे सीटला लावलेले, गाडीचं तोंड फाटकाकडे, आणि ते पलंगावर. मी विचारलं, “बाबा, चालू करू?” त्यांनी डोळ्यांनी किल्ली दाखवली, खिळ्याला होती. दहा वर्षांनी हात लावला मी बेडकीला. खिडकी उघडी ठेवून अंगणात चालू केली आणि आत येऊन बघितलं. ते डोळे मिटून ऐकत होते. मला वाटलं, काहीतरी म्हणतील. त्या दिवसाबद्दल, खांबाबद्दल. मी कान तोंडाजवळ नेला. म्हणाले, “टॅपेट वाजतोय.”

मग आठवडाभर मी रोज चालू करत होते आणि रोज थोडा थोडा टॅपेट लावत होते. सातव्या दिवशी म्हणाले, “आता बरोबर.” दुसऱ्या दिवशी गेले. माझ्याशी ते एवढंच बोलले, आणि मला ते खूप वाटतं. पण शेजारची सीट रिकामी ठेवून फाटकातून बाहेर पडताना मला जे रडू फुटलं, ते तू बघितलंसच. खांब लागला नाही. लागला असता तर बरं झालं असतं, असं वाटलं.

आणखी एक. सांगू की नको असं चाललंय. सीट फार पुढे आहे गं. माझे गुडघे स्टिअरिंगला लागतात, दोन्ही काळेनिळे झालेत. दुकानातला वेल्डर म्हणतो, पट्ट्या कापून मागे घेऊ, अर्ध्या तासाचं काम. मी नाही म्हटलं. बाबांनी लावलेली सीट आहे. राहू दे, गुडघ्यांना सवय होईल.

भिंगरी

१४ मे

माझ्या भिंगरीला,

या खेपेला आशीर्वाद शेवटी देते. आधी तू हे वाच, आणि मग तुला घ्यावेसे वाटले तर घे.

गुडघ्यांचं वाचलं आणि डबा उघडला. तुझा पिवळा दोरा काढून जमिनीवर ताणला. कमरेपासून टाचेपर्यंत, दोन गाठी. त्यावर मी बसून माझा पाय ठेवला. माझ्या पायाएवढाच आहे गं तो. माझ्या! आणि मी तुझ्या खांद्याला लागते.

तो गणवेशाच्या वेळचा दोरा आहे. तेरा वर्षांची होतीस, मावशीकडे जायच्या आधी शेवटचा गणवेश शिवला तेव्हाचा. पुढे तू दोनदा तीनदा आलीस, दारातून वाकून आत आलीस, ते मी डोळ्यांनी बघितलं. चार जणींना सांगितलं, नात ताडासारखी वाढली. पण डब्यातला दोरा बदलायचं सुचलं नाही. दोरा वाढत नाही, बाई.

ही चूक त्याची नाही. सीट त्याने बरोबर लावली, माझ्या दोऱ्याला धरून लावली. आणि आता जे लिहिते ते मी देवाला पण सांगितलेलं नाही.

मार्चच्या सुरुवातीला, चौकातून आलो त्याच दिवशी, तो गाडीतच बसून होता ना, तेव्हा मला म्हणाला, “आई, माझं चालवणं संपलं. आता ही तिच्यासाठी करू. ती चालवेल, मी शेजारी बसेन. फाटकातून बाहेर, चौकापर्यंत. एकदाच.” आणि म्हणाला, “तिला पत्र लिहून पायाचं माप मागव.”

मी काय म्हटलं असेन? मी म्हटलं, “माप कशाला मागवायचं? माझ्याकडे आहे.” किती तोऱ्यात म्हटलं! तो म्हणाला, “विचार तरी, मोठी झाली असेल.” मी म्हटलं, “माझ्या हातचं माप कधी चुकलंय का रे?” आईपुढे कधी बोललाच नाही तो.

आता मला कळतंय, तो माप मागत नव्हता. ‘ये’ लिहायला त्याची जीभ रेटत नव्हती, म्हणून माप मागवत होता. तुला पत्र गेलं असतं, “तुझ्या पायाचं माप पाठव, बाबा विचारतोय,” तर तू दोऱ्यासकट स्वतःच आली असतीस. तेव्हा तो बसू शकत होता गं. पट्ट्यांशिवाय बसू शकत होता. महिनाभर बसू शकत होता. शपथ मी पाळली त्याचं काही नाही, शपथ त्याची होती. पण हे माप माझं होतं.

रडले, आता लिहिते. कागदावर डाग पडलाय तो पाण्याचा, मनावर घेऊ नकोस.

तर ऐक. वेल्डरला बोलाव आणि पट्ट्या काप. उद्याच. बापाची आठवण गुडघ्यात ठेवतात का? त्याने तुला नीट बसता यावं म्हणून सीट केली, गुडघे फुटावेत म्हणून नाही. तू तशीच दामटत राहिलीस तर तू माझी चूक चालवतेयस, त्याची गाडी नाही.

सोबत दोरा ठेवलाय, पिवळाच, नवा, लांब. भिंतीला टेकून बस, पाय लांब कर, एक गाठ कमरेला, एक टाचेला. गादी नवीन शिवायला घेते, दुहेरी टाके घालून. दोरा पोस्टाने पाठवू नकोस. बेडकीत घालून घेऊन ये. टायपिस्ट पण विचारते, बेडूक कुठे गेला? आवाजाशिवाय गल्ली ओकीबोकी झालीय म्हणते, आणि आधी तीच नावं ठेवायची.

आलीस की मला शेजारी बसव. चौकापर्यंत जाऊ. ते पट्टे आले त्या दिवशी मी त्याला उचलून गाडीत बसवला होता, जोडीदाराच्या मदतीने. तासभर बसला, फाटकाकडे बघत. बकलं मीच लावली, पट्टे मीच ओढून त्याच्या अंगाबरोबर केले. ते तसेच आहेत. मला सैल होतील, दोन वीत तरी सैल होतील.

सीट तू काप. पण पट्टे मात्र आवळू नकोस. मी धरून बसेन.

आता आशीर्वाद. खूप.

आजी